कराडचे मैदान आणि पश्चिमेचा वारा

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत विमानांसाठी म्हणून राखून ठेवलेल्या ज्या जागा आहेत, त्यांपैकी एक कराडच्या वायव्येस वारुंजीच्या शिवारात असून आजही वापरात आहे, आणि दुसरी सांगलीहून तासगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर कवलापूरपाशी असून तिच्या धावपट्टीवर आता विमानांपेक्षा गवताचाच हक्क अधिक आहे. या दोन्ही जागांविषयी चावडीवर, कचेरीत आणि निवडणुकीच्या सभांत जे काही बोलले जाते ते जवळजवळ सगळे जमिनीविषयीचे असते : किती एकर, कोणाचे गट नंबर, किती मोबदला, किती मीटर वाढ. विमान मात्र ज्या हवेतून येते आणि ज्या हवेतून जाते, तिची चौकशी करण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. माझ्या परिचयातील दोन वृद्ध गृहस्थ या नियमाला अपवाद आहेत. एक बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले, राहणार कराड, ज्यांना सारा मोहल्ला तात्या म्हणतो. दुसरे मिरज तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवून आता अंगणातल्या पर्जन्यमापकाची नक्षत्रवार नोंद ठेवणारे मास्तर. त्यांचा वाद एका बैठकीत झालेला नाही, किंबहुना तो मिटलेलाही नाही. मी तो केवळ वाचकांच्या सोयीसाठी सलग लावून दिला आहे, आणि मध्येच तोंड घालण्याचा मोह जेथे मला आवरला नाही तेथे तसे नमूद केले आहे.

तात्या : मास्तर, आमच्या मैदानाला नावे ठेवण्यापूर्वी ते कशासाठी झाले याचे दफ्तर तरी एकदा उघडून पाहा. कोयनेवर धरण बांधायचे ठरले तेव्हा रेल्वे कराडजवळच थांबत होती आणि तेथून पुढे हेळवाकपर्यंतचा रस्ता म्हणजे पावसाळ्यात देवाचे नाव घेऊन काटायचा रस्ता होता. मुंबईहून तज्ज्ञ यायचे, मंत्री यायचे, त्यांची ये-जा सुलभ व्हावी म्हणून १९५५-५६ च्या सुमारास आमच्या खात्याने ही पट्टी घातली. धरण उभे राहिले, १०३ मीटर उंचीचे. त्यामागे १०५ टीएमसी पाण्याचा शिवसागर पसरला. वीज घाटाखालून मुंबईला गेली. ज्या मैदानाने या सगळ्याची उठाठेव केली ते मात्र १२८० मीटरवर जे थांबले ते थांबलेच. आता विमाने मोठी झाली, माणसांची घाई वाढली, आणि आपण अजून पट्टीच्या टोकाला उभे राहून लांबीवाढीच्या दरखास्ती लिहीत आहोत.

मास्तर : मैदान तळ्याच्या पोटी जन्माला आले हे मला मान्य आहे, आणि ज्यांनी ते आखले त्यांना मी मनोमन नमस्कारही करतो. पण का करतो ते ऐका. पट्टीच्या दोन टोकांना दहा आणि अठ्ठावीस असे आकडे आहेत ना? ते आकडे म्हणजे होकायंत्रावरच्या अंशांचे शेवटचे शून्य काढून टाकलेले रूप. एका बाजूने धावलात तर तोंड १०० अंशांकडे, म्हणजे पूर्वेला किंचित दक्षिणेकडे कललेले. उलट धावलात तर २८० अंशांकडे, म्हणजे पश्चिमेला किंचित उत्तरेकडे. आता आषाढात आपल्याकडे वारा कोठून येतो? सह्याद्रीवरून, पश्चिमेकडून, कधी नैर्ऋत्येकडे झुकून. विमानाला उतरताना आणि उडताना वारा समोरून हवा असतो, म्हणून ज्याने ही पट्टी पूर्व-पश्चिम घातली त्याला निदान वाऱ्याची मर्जी माहीत होती. त्याने आधी वारा पाहिला आणि नंतर फीत लावली. तुमचे आजचे अंमलदार आधी फीत लावतात.

तात्या : खात्याची स्तुती करून खात्यालाच टोमणा! बरे, मग वारा आमच्या बाजूचा आहे असे तुम्हीच म्हणालात.

मास्तर : बाजूचा आहे, पण निमूट नाही. वारा २५० अंशांवरून वीस नॉटने वाहू लागला तर पट्टीशी त्याचा कोन तीस अंशांचा होतो, आणि तीस अंशांच्या कोनात त्याचा निम्मा जोर आडवा लागतो, म्हणजे दहा नॉट. ज्या लहान दोन आसनी सेस्ना १५२ वर पोरे उडायला शिकतात, तिची आडव्या वाऱ्यातली क्षमता निर्मात्यानेच बारा नॉटपर्यंत दाखवून दिलेली आहे. म्हणजे शिल्लक किती राहिली? दोन नॉट. त्यात झोत आला, वाऱ्याने थोडी कूस बदलली, की शिल्लक संपली. मैदानाच्या कडेला ती जी नारिंगी कापडी नळी खांबावर लोंबत असते, ती पंधरा नॉटच्या वाऱ्याला पूर्ण ताठ आडवी होते. आषाढात तिच्याकडे दहा मिनिटे टक लावून पाहा. ती ताठ होते, अर्धी गळते, पुन्हा झटका खाऊन भलतीकडे तोंड करते. त्या नळीचे ते वागणे ज्या वहीत तासातासाला लिहिलेले असेल, ती वही मला दाखवा, आणि मग मीटरांचे बोला.

येथे वाचकांसाठी एवढेच सांगतो की कराड हे गाव डोंगरांच्या कोंडाळ्यात बसले आहे. नैर्ऋत्येस आगाशिव, वायव्येस वसंतगड, पूर्वेस सदाशिवगड. तिन्हींची माथी खोऱ्याच्या तळापासून हजार-बाराशे फूट वर चढलेली. सह्याद्रीचा कणा ओलांडून पूर्वेला उतरणारा वारा अशा डोंगरांच्या आडोशाला सरळ वाहत नाही. तो लाटा उठवतो, भोवरे सोडतो, आणि जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला ज्याचा पत्ताही लागत नाही असा धक्का उतरत्या विमानाला शे-दोनशे फुटांवर देऊन जातो. मास्तरांचा हा मुद्दा तात्यांनी खोडून काढला नाही. ते उन्हाळ्याकडे वळले, आणि माझ्या मते त्यांच्या बाजूचा सर्वांत सबळ पुरावा तेथेच होता.

तात्या : पावसाळा सोडा, मी एप्रिल घेतो. कागद आणा. आमचे मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे १८९० फूट. या उंचीवर प्रमाण हवेचे तापमान अकरा अंश धरतात. एप्रिलच्या दुपारी तीन वाजता पट्टीवर चाळीस अंश म्हणजे काही विशेष नाही. फरक झाला एकोणतीस अंशांचा. वैमानिकांचा ढोबळ नियम असा की प्रत्येक अंशामागे हवा १२० फुटांनी उंच गेल्यासारखी विरळ होते. एकोणतीस गुणिले एकशेवीस, तीन हजार चारशे ऐंशी. त्यात १८९० मिळवा, ५३७० फूट. महाबळेश्वर किती उंचीवर आहे? साडेचार हजार फुटांवर. म्हणजे प्रमाण हवेच्या हिशेबाने पाहिले, तर एप्रिलच्या दुपारी कराडच्या पट्टीवरून सुटणारे विमान महाबळेश्वरच्याही वरच्या हवेतून उडू पाहते! पंखाखाली धरायला हवा कमी, पंख्याला रेटायला हवा कमी, इंजिनाला जाळायला हवा कमी. समुद्रकाठी ज्याला ८०० मीटर धाव पुरते, त्याला येथे साडेबाराशेच्या घरात लागते, आणि आमची सारी पट्टीच १२८०. वैमानिक मग काय करतो? माणसे उतरवतो, नाही तर इंधन कमी भरतो, नाही तर पहाटेची वाट पाहतो. मास्तर, तुमच्या हवेनेच माझी दरखास्त लिहिली आहे. हवा जेवढी पातळ, तेवढी पट्टी लांब पाहिजे.

मास्तर : हिशेब बिनचूक आहे. विद्यार्थी असता तर पैकीच्या पैकी दिले असते. पण या हिशेबाने सिद्ध एवढेच होते की एप्रिल-मेच्या दुपारी अडचण आहे. सकाळी सातला नाही, डिसेंबरात नाही. वर्षाकाठी असे किती तास? ते मोजल्यावाचून बागायती जमीन पट्टीखाली घालणे म्हणजे चार पाहुण्यांसाठी चौकी पाडून दिवाणखाना करणे. शिवाय तुमच्या उन्हाळ्यालाही दुसरे टोक आहे. चैत्र-वैशाखात दुपारी चारला दक्षिणेकडे काळा ढग उभा राहतो, वळीव येतो. त्याच्या पुढे जो थंड वाऱ्याचा लोट जमिनीलगत धावत येतो, त्याची दिशा पाच मिनिटांत पालटते. समोरून येणारा वारा पाठीमागून लागतो आणि धुळीने पट्टीचे दुसरे टोक दिसेनासे होते. त्या वेळी पट्टी तीन हजार मीटर असली तरी शहाणा वैमानिक मिरजेच्या आभाळात घिरट्या घालतो, नाही तर परत फिरतो.

तात्या : म्हणजे उन्हात लांबी हवी हे कबूल, फक्त वळवाचे निमित्त काढून ते बुडवायचे!

मास्तर : कबूल, पण तासांच्या प्रमाणात. आता पावसाळा घ्या. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या पुढे पाऊस पडतो. कराडला तो सातशेच्या आसपास येऊन ठेपतो. माझ्या अंगणात सहाशेच्या आतबाहेर. आणि माणदेशात पाचशेच्या आत. म्हणजे मोटारीने दोन-अडीच तासांच्या अंतरात जलमय देश संपून दुष्काळी देश सुरू होतो. कराड बरोबर या उतरंडीच्या पायरीवर बसले आहे. पाऊस फार नाही, पण ढग मात्र घाटावरून सांडत येतो आणि दिवसचे दिवस डोंगरांच्या माथ्यावर टेकून राहतो. डोळ्यांनी पाहून उडणाऱ्या वैमानिकाला कायद्याने पाच किलोमीटर स्पष्ट दिसले पाहिजे, ढगापासून उभे हजार फूट आणि आडवे दीड किलोमीटर दूर राहता आले पाहिजे. आगाशिवाची लेणी कोरलेला डोंगर ज्या सकाळी माथ्यापर्यंत उघडा नसतो, त्या सकाळी हा नियम पाळून कोणी उडू शकत नाही. तुमच्या घरच्या गच्चीवरून डोंगराचा माथा दिसतो की नाही, एवढे पाहिले तरी त्या दिवसाचा निकाल कळतो.

तात्या : रोज पाहतो. म्हणूनच म्हणतो की ही रड जुनी आहे आणि तिच्यावरचा इलाजही जुना आहे. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन जुहूला विमान उतरवले, तेव्हा जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखल होऊन निकामी व्हायचे. म्हणून काय टाटांनी धंदा गुंडाळला? पावसाळ्यापुरते ते पुण्याला जाऊन उडत. पुढे पट्ट्या पक्क्या झाल्या, यंत्रे आली. आज आकाशातल्या उपग्रहांवरून विमानाला वाट दाखवता येते. कोल्हापुरात राजाराम महाराजांनी १९३९ च्या ५ जानेवारीला विमानतळ सुरू केला. आज तेथे १९३० मीटरची पट्टी आहे, मोठी विमाने येतात, सह्याद्री त्यांनाही तोच आहे आणि आषाढही तोच आहे.

मास्तर : टाटांचा दाखला तुमच्याच विरुद्ध जातो, तात्या. त्यांनी जुहू लांब केले नाही. हवा ओळखून चार महिने जागा बदलली. आणि कोल्हापूरचे म्हणाल तर माझे म्हणणे त्याहून सोपे आहे : कराडपासून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर जर राजाराम महाराजांच्या दूरदृष्टीचे फळ पक्व होऊन लोंबत असेल, तर येथे नवीन कलम कशाला? यंत्राने उतरायचे तर दिवे, रेडिओ, प्रशिक्षित माणसे, अग्निशमन आणि हवामानाचा अहवाल देणारा कारकून हे सगळे चोवीस तास उभे ठेवावे लागते; त्याची तरतूद वर्षानुवर्षे करावी लागते. पट्टी घालण्याचा खर्च एकदाचा आणि डोळ्यांत भरणारा. हवेची नोंद ठेवण्याचा खर्च कायमचा आणि कोणाच्या हस्ते उद्घाटन करता न येणारा.

या ठिकाणी तात्या थोडे ओशाळले असे मला वाटले, कारण उद्घाटनाच्या कोनशिला बसवण्यात त्यांची बरीच हयात गेली आहे. पण ते गप्प बसणारांतले नव्हेत.

हिवाळ्याविषयी दोघांचे एकमत झाले, म्हणून ते मी थोडक्यात सांगून टाकतो. कोयना आणि कृष्णा यांचा संगम कराडच्या कुशीत, दोन्ही काठांवर ऊस, शेतांत पाण्याचे पाट वाहणारे. अशा खोऱ्यात मार्गशीर्ष-पौषाच्या निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते, ओली हवा तळाशी साचते आणि पहाटे नदीवरून धुके उठून पट्टीवर पसरते. ते आठ-नऊच्या सुमारास वितळते. परंतु त्याच हंगामात उसाची तोडणी चालू असते, पाचट पेटवलेले असते, आणि तो धूर थंड हवेच्या झाकणाखाली अडकून धुक्याशी हातमिळवणी करतो. त्यात पट्टीच्या कडेच्या गवतात टिटव्यांचे घर आणि वर घारींचे गोल फिरणे. तरीही नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील दहाच्या पुढची हवा, मंद आणि नितळ, उडायला शिकणाऱ्या पोरांसाठी साऱ्या वर्षातली उत्तम. हे दोघांनाही मान्य.

तात्या : बरे, जमिनीवरून तुमचे एवढे मन खट्टू होत असेल तर जमीन मुळीच न घेता उतरू. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांच्या यादीत धोमचे नाव कितीदा तरी आले आहे. वाईच्या वर कृष्णेचे पाणी अडवलेले, साडेतेरा टीएमसी, चहूकडे डोंगर, शेजारी पाचगणी-महाबळेश्वर. ना गट नंबर, ना सातबारा, ना हरकती! तळ्याने आम्हांला पूर्वी पट्टी दिली, आता तळेच पट्टी होईल.

मास्तर : कल्पना रम्य आहे आणि जुनीही. १९३८ च्या आगेमागे इम्पीरियल एअरवेजची मोठी पाणविमाने कराचीहून कलकत्त्याला जाताना मेवाडच्या राजसमंद तळ्यावर आणि पुढे ग्वाल्हेरच्या माधवसागरावर उतरत. ग्वाल्हेर म्हणजे तरी कोण? आपल्या कोरेगावकडच्या कण्हेरखेडचे शिंदे. तेव्हा सातारकरांच्या तळ्यावर विमान उतरून ऐंशीच्या वर वर्षे झाली असे म्हणायला हरकत नाही. पण युद्धानंतर जमिनीवरच्या पट्ट्या पक्क्या झाल्या आणि जगाने ती विमाने बहुतेक मोडीत काढली, ती उगाच नाही. धोमचे पाणी भाद्रपदात काठोकाठ असते आणि वैशाखात कोठे जाते? शेताला, शहराला. ज्या जागी सप्टेंबरात वीस हात पाणी, तेथे मे महिन्यात गाळ आणि बुडालेल्या झाडांचे बुंधे उघडे. म्हणजे सहा महिन्यांनी आपोआप आखूड होणारी पट्टी. गुजरातेत ३१ ऑक्टोबर २०२० ला साबरमतीपासून केवडियापर्यंत असे विमान मोठ्या समारंभाने सुरू झाले आणि काही महिन्यांतच बंद पडले.

तात्या : पण हवा? डोंगराच्या कुशीत तळे म्हणजे वाऱ्याचा त्रास कमी.

मास्तर : तेच तर भय. वारा पडला की तळे आरशासारखे होते, आणि आरशासारख्या पाण्यावर उतरणे हे पाणविमानाच्या वैमानिकाचे सर्वांत अवघड काम. खाली पाहावे तर पाण्याचा पृष्ठभाग दिसतच नाही. दिसते ते उलटे आभाळ आणि उलटा डोंगर. पाणी किती खाली राहिले हे डोळ्याला कळत नाही. मग त्याने नाक किंचित वर ठेवून, मिनिटाला दीडशे फुटांच्या बेताने, काठाकडे नजर ठेवून, पाणी लागेपर्यंत तसेच उतरत राहायचे असते. आणि काठावर दुपारी ऊन तापले म्हणजे तळ्याकडून जमिनीकडे वारा, रात्री उलट. डोंगरातून उतरणारा वारा वेगळाच. त्या तळ्यावरच्या वाऱ्याची पाच वर्षांची वही दाखवा.

तात्या : झाले! पुन्हा वही. तुमची अडचण काय आहे मास्तर, विमान की वही?

मास्तर : वही नाही, हीच अडचण.

यानंतर जे झाले त्याची मला अपेक्षा नव्हती. तात्यांनी सहज म्हणून कवलापूरचा विषय काढला. सांगली-तासगाव रस्त्यावरची ती दीडशे एकरांहून मोठी जागा, निकामी झालेली पट्टी, ती उद्योगासाठी वापरावी अशी तजवीज आणि ती विमानतळासाठीच राहावी म्हणून सांगलीकरांनी केलेले आंदोलन हे सगळे वर्तमानपत्रांतून आलेले आहे. मास्तर येथे विरोध करतील असे वाटले होते. ते उलट ताठ झाले.

तात्या : ती जागा तर मोडीत काढायलाच पाहिजे. कोल्हापूर तुम्हांला पन्नास किलोमीटर. मघाचा तुमचाच न्याय.

मास्तर : न्याय तोच, निकाल निराळा, कारण हवा निराळी आहे. ऑगस्ट २०१९ आठवा. आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांवर धोक्याची पातळी. पाणी ५७ फुटांच्या वर गेले. पुण्याहून बंगळूरला जाणारा हमरस्ता कोल्हापूरजवळ पाण्याखाली, कित्येक दिवस बंद. सांगली बेट झाली. २००५ ला झाले, २०२१ ला पुन्हा झाले. आता हवेचे पाहा : सांगलीचा पूर सांगलीच्या पावसाने येत नाही. तो महाबळेश्वरच्या, नवजाच्या, वारणेच्या पावसाने येतो. ढग तेथे जमिनीला टेकलेला, आणि इकडे पूर्वेला आभाळ बऱ्याचदा उघडीप देत असते. शहर बुडते आहे आणि डोक्यावर उडण्याजोगी हवा आहे, अशी ही विलक्षण जागा आहे! कराडला जेव्हा आगाशिव दिसत नाही, तेव्हा कवलापूरला क्षितिज दिसू शकते. शिवाय जागा सरकारची, नदीपासून दूर, कोणाचा ऊस उपटायचा नाही.

तात्या : सुटकेला हेलिकॉप्टर येते, त्याला शाळेचे पटांगण पुरते. धावपट्टी कशाला?

मास्तर : हेलिकॉप्टर माणूस छपरावरून उचलते, पण बोटी, औषधे, पथके आणि त्या हेलिकॉप्टरचे इंधन आणायला कोणीतरी लागते की नाही? एकोणीस आसनी डॉर्नियरसारख्या विमानाला हजार-बाराशे मीटरची बरी पट्टी, एक वाऱ्याची नळी, एक इंधनाची टाकी, एवढे पुरते. दिवाणखाना नको, ओसरी हवी.

तात्या : म्हणजे जेथे पट्टी आहे आणि विमाने उतरतात ती वाढवायची नाही, आणि जेथे गवत आहे तेथे नवी घालायची! मास्तर, तुम्ही सांगलीचे आहात हे शेवटी दिसलेच.

मास्तर : आणि तुम्ही वारुंजीच्या, केसे-मुंढ्याच्या शेतकऱ्याला नोटीस धाडण्यापूर्वी विचारा की कोयनेच्या तळ्याखाली ज्यांची गावे गेली, त्यांच्या पुनर्वसनाच्या फायली साठ वर्षांनी तरी बंद झाल्या का? त्याच धरणाच्या नावाने झालेल्या मैदानासाठी पुन्हा तसाच कागद, तसाच शेरा?

तात्यांनी यावर उत्तर दिले नाही असे नाही. त्यांनी मोबदल्याचे दर, रोजगार यांविषयी बरेच सांगितले आणि त्यांतले काही पटण्यासारखेही होते. तो हिशेब महसूल खात्याचा असल्यामुळे मी येथे देत नाही.

माझा कौल विचाराल तर तो कोणा एकाच्या पदरात पूर्ण पडणारा नाही. तात्यांचे एप्रिलचे गणित मला खोडता येत नाही : १२८० मीटरची पट्टी उन्हाळ्याच्या दुपारी खरोखरच आखूड असते, आणि ज्याला हे ठाऊक नाही त्याने लांबीवाढीला आंधळा विरोध करू नये. परंतु त्या गणिताने सिद्ध होणारी निकड वर्षातल्या काही तासांची आहे, तर आषाढातला ढग, वळवाचा झोत, पौषातले धुके आणि डोंगराआडचे भोवरे यांना लांबीने काहीच औषध होत नाही. आणि हे तास किती, ते तास किती, हे आकडे शेजारी शेजारी मांडल्यावाचून जमिनीची मोजणी सुरू करणे मला गैर वाटते. कवलापूरविषयी मास्तरांचा कळवळा थोडा आपल्या गावाचा आहे हे उघड आहे. तरीही पुराच्या वेळी पूर्वेकडची हवा उघडी असू शकते हा त्यांचा मुद्दा गावकीचा नसून भूगोलाचा आहे, आणि एकदा त्या जागेचे भूखंड पाडले गेले म्हणजे पुढच्या पुरात ती परत मिळणार नाही.

तेव्हा दोन्ही जिल्ह्यांच्या लोकप्रतिनिधींना आणि संबंधित खात्यांना विनंती एवढीच की वारुंजीच्या व कवलापूरच्या जागेवर वाऱ्याची दिशा व वेग, ढगांच्या तळाची उंची, दृश्यता, तापमान आणि पाऊस यांची तासागणिक नोंद निदान पाच वर्षांची सलग करून ती ग्रामपंचायतींच्या फलकावर लावावी; कराडच्या वाढीचा निर्णय त्या नोंदीनंतर घ्यावा, आणि कवलापूरची जागा तोवर कोणालाही देऊ नये.